चौसष्टाव्या पानाची मागची बाजू

१

सोमवारी सकाळी संस्थेच्या ग्रंथपालांनी लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा चाळीस नंबरची फाइल जागेवर होती, बेचाळीस नंबरची जागेवर होती, आणि एक्केचाळीसच्या जागी एक कोरं कार्ड उभं होतं.

तासाभरात छापखान्यात मला फोन आला. संस्थेच्या प्रमुख मॅडम बोलत होत्या.

"असाल तशा या. पोलिसांत जायचं नाहीये. सर म्हणाले, तुम्हालाच बोलवा."

मी पोलीस नाही, आणि गुप्तहेर तर त्याहून नाही. पस्तीस वर्षं प्रुफं तपासण्यात डोळे घालवलेली बाई आहे मी. पण आमच्या कामाचं शुद्ध नाव मुद्रितशोधक, आणि त्यातला 'शोधक' तेवढा लोकांच्या लक्षात राहतो. कुणाचा काहीही जिन्नस हरवला की मला विचारतात. माझा स्वतःचा चष्मा मात्र बहुतेक वेळा माझ्याच डोक्यावर सापडतो.

सरांचं पुस्तक आमच्याकडे छपाईला होतं. सर एक्याऐंशी वर्षांचे. प्राचीन आयरिश पुराणकथांचा अभ्यास करायचा, तर विश्वास कोणत्या साधनांवर ठेवायचा, हा पुस्तकाचा विषय. मला आधी वाटलं, रुक्ष असणार. दुसऱ्या फर्म्यापासून, म्हणजे पहिली सोळा पानं संपल्यापासून, मी जेवणाच्या सुट्टीतही तेच वाचायला लागले. कारण त्या कथा शेकडो वर्षं तोंडातोंडी चालत आल्या. मग मठातल्या ख्रिस्ती साधूंनी त्या वासराच्या कातड्यावर उतरवल्या, आणि उतरवताना नको ते गाळलं, हवं ते घातलं. त्यांच्या नकलांवरून नकला झाल्या. अलीकडच्या कथाकारांनी त्यात साखर घातली, आणि आता तर कुणीही उठतो आणि घरबसल्या नवी देवी जन्माला घालतो. सर एकेका कथेचं बखोट धरून मागेमागे जात. हे तू कुठून घेतलंस? त्याने कुठून घेतलं? असं विचारत थेट कातड्याच्या पानापर्यंत. वाट मधेच संपली, की शिक्का बसला: अविश्वसनीय.

"गोष्ट किती गोड आहे ते सांगू नका," ते म्हणत, "कुठल्या पानावर आहे ते सांगा."

शेवटच्या प्रकरणाची सगळी कागदपत्रं एक्केचाळीस नंबरच्या फाइलमध्ये होती. येत्या शुक्रवारी पुस्तक छपाईयंत्रावर चढायचं होतं.

मी पोचले तेव्हा मॅडमचा चेहरा उतरलेला होता, ग्रंथपाल घामाघूम झाले होते, आणि सर खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत काठीवर दोन्ही हात ठेवून स्वस्थ बसले होते.

"एवढा गोंधळ नको," ते म्हणाले. "कागद नाहीत, तर पडताळणी नाही. पडताळणी नाही, तर छपाई नाही. शेवटचं प्रकरण गाळून टाकू."

मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "सर, ते प्रकरण म्हणजेच तर पुस्तक आहे!"

२

ते प्रकरण एका मुलीबद्दल होतं.

बावीस वर्षांपूर्वी सरांच्या हाताखाली दोघीजणी संशोधन करायच्या. संस्थेत त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली म्हणजे आताच्या मॅडम. धाकटीचा विषय होता नदीची कथा. एक बाई मनाई मोडून गूढ विहिरीला उलटी प्रदक्षिणा घालते, विहीर फुटते, पाणी तिच्या मागे लागतं, ती बुडते, आणि त्या पाण्याची नदी होते. धाकटीने प्रबंधात लिहिलं, की एका हस्तलिखिताच्या समासात कुणीतरी आठ ओळी लिहून ठेवल्या आहेत, आणि त्या आठ ओळींत बाई बुडत नाही. ओलेत्याने चालत घरी जाते आणि दार लावून घेते.

पत्ता तिने दिला होता: पान चौसष्ट, मागची बाजू. जुन्या पोथ्यांमध्ये पानाला एकच आकडा असतो, आणि त्याला पुढची बाजू नि मागची बाजू म्हणतात.

सरांनी परदेशातल्या त्या ग्रंथालयाने काढलेली नवी छायाचित्रं मागवली. चौसष्टाव्या पानाच्या मागच्या बाजूला राजांची वंशावळ होती. समास कोरा.

धाकटी म्हणाली, त्या ग्रंथालयाकडून उसनी आणलेली पोथीच्या पानांची जुनी फिल्म होती, तिच्यावर मी डोळ्यांनी पाहिलं. पण ती फिल्म मुदत संपून परत गेली होती. समिती बसली. 'बनावट साधन' असा शेरा पडला. धाकटी संस्थेतून गेली ती गेलीच. सरांनी संस्थेच्या त्रैमासिकात लेख लिहिला, आणि तोच लेख वाढवून आता शेवटचं प्रकरण झाला होता. नाव नव्हतं दिलेलं. 'माझी एक विद्यार्थिनी' एवढंच. पण जाणकारांना तेवढं पुरे होतं.

ग्रंथपाल मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, माझ्या कपाटात मुंगी शिरली तरी नोंद होते. गुरुवारी संध्याकाळी मी मोजल्या, सगळ्या सेहेचाळीस फायली होत्या. शनिवार-रविवार बंद. म्हणजे शुक्रवारीच गेली."

"किल्ली?"

"दिवसभर माझ्या टेबलामागे खुंटीला. हे ज्याला माहीत, त्याला माहीत."

"शुक्रवारी कोण कोण होतं?"

त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही माझ्यापुढे सरकवली. मॅडम दिवसभर. सर दहा ते चार. आणि दुपारी दोन वाजता एक सही होती. ठसठशीत, उजवीकडे झुकलेली.

"ही कोण?"

ग्रंथपालांनी आवाज खाली आणला.

"धाकटी. बावीस वर्षांनी पहिल्यांदा आली होती."

३

मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बसवून दार लोटलं.

"तिने नेली असेल तर मला काही म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण फाइल परत हवी."

"आणि तुम्ही नेली असेल तर?"

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या उलट थकल्यासारख्या खुर्चीत टेकल्या.

"मी कशाला नेईन? तिची जागा मला मिळाली, हे सगळं गाव जाणतं. ते प्रकरण छापलं गेलं, तर माझं इथे बसणं रास्त ठरतं. गाळलं, तर लोक म्हणतील, काहीतरी पाणी मुरतंय." मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगू? ज्या दिवशी तिला ते पान दिसलं, त्या दिवशी तिने मला हाक मारली होती. 'अगं इकडे ये, हे बघ!' मी पर्स खांद्याला लावून दारात उभी होते. पोस्ट बंद व्हायला दहा मिनिटं होती. म्हटलं, उद्या बघते. दुसऱ्या दिवशी फिल्म परत पाठवायच्या पेटीत गेली होती."

"हे समितीपुढे सांगितलंत?"

"काय सांगणार? की मी पाहिलं नाही? न पाहिलेल्याची साक्ष कोण घेतं?"

बाहेर येऊन मी पुन्हा कपाटापाशी गेले. ते कोरं कार्ड अजून तिथेच होतं. संस्थेचा नियम असा, की काहीही फळीवरून काढलं, तर त्या जागी आपल्या नावाचं कार्ड उभं करायचं. हा नियम सरांनीच घातलेला. इथे शिकलेल्या प्रत्येकाच्या हाडीमाशी तो खिळलेला.

"चोराने नाव लिहिलं नाही, हे ठीक," मी ग्रंथपालांना म्हटलं. "पण चोर कार्ड तरी कशाला ठेवेल? मधे मोकळी जागा न सोडता फायली सरकवून बसवल्या असत्या, तर तुम्हाला आठवडाभर पत्ता लागला नसता."

"म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी," ते खिन्नपणे म्हणाले. "मी धरून."

"बाहेर कशी नेली असेल?"

"तेच तर कळत नाही. दारावर प्रत्येकाची पिशवी उघडून बघतात. सरांचीसुद्धा, त्यांचाच हुकूम आहे. आणि ती फाइल विटेएवढी जाड. पदराखाली जायची नाही."

४

धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाला परिचारिकांच्या वसतिगृहाची रेक्टर होती. मी गेले तेव्हा ती धोब्याकडून आलेल्या चादरी मोजून घेत होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, केस पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात. पन्नाशीची असेल.

"फाइल गेली?" ती म्हणाली. "बरं झालं की वाईट झालं, काय म्हणायचं मी?"

"शुक्रवारी कशाला गेला होतात?"

"चोरायला नाही, परत करायला. अठ्ठावीस, एकोणतीस... ए, ही फाटकी आहे, वेगळी काढ." ती चादर तिने धोब्याच्या हातात दिली. "जुन्या आयरिश भाषेचा शब्दकोश होता माझ्याकडे, संस्थेचा. तेव्हा परत करायचा राहिला, मग लाज वाटली, मग राहूनच गेला. परवा लेक म्हणाली, आई, ती फळी मला रिकामी करून दे. म्हटलं, देऊन टाकावा. मला आता त्याचा काय उपयोग? विसरले मी ती भाषा."

"पूर्ण?"

"न बोललेली भाषा राहते होय कुठे?"

मी विचारलं, "सर दिसले?"

तिने हातातली चादर नीट घडीवर घडी बसवून खाली ठेवली.

"खिडकीशी बसले होते. मला ओळखलं नाही त्यांनी. किंवा ओळखलं." मग म्हणाली, "मी टेबलावर पुस्तक ठेवलं, सही केली नि आले. पाच मिनिटंसुद्धा नाही थांबले. कपाट कुठे हलवलंय तेही मला ठाऊक नाही. पूर्वी ते जिन्याखाली असायचं."

कपाट जिन्याखालून हलवून पंधरा वर्षं झाली होती. पाच मिनिटांत अनोळखी जागेतलं कपाट शोधायचं, खुंटीवरची किल्ली काढायची, फाइल काढून पुन्हा दारावर पिशवी दाखवायची, हे काम भुताचं होतं. आणि भूत झालं तरी मोकळ्या हाताने परत गेलं होतं. दारावरच्या रखवालदाराने तिची रिकामी पिशवी उलटी करून पाहिली होती.

निघताना तिने जिन्यापर्यंत सोबत केली.

"ताई, सापडली तर मला कळवू नका," ती म्हणाली.

५

छापखान्यात परत आले, आणि दुसरं काही सुचेना म्हणून शेवटच्या प्रकरणाची प्रुफं काढून बसले. सरांनी तपासून ती आठवड्यापूर्वीच परत पाठवली होती, म्हणजे फाइल जायच्या आधी. हिरव्या शाईतल्या त्यांच्या दुरुस्त्या मी तेव्हाच पाहिल्या होत्या, पण नुसत्याच पाहिल्या होत्या. आमच्या धंद्यात पाहणं वेगळं आणि वाचणं वेगळं.

मूळ वाक्य होतं: 'हे पान अस्तित्वात नाही.'

सरांनी केलं होतं: 'हे पान मला आढळलं नाही.'

एका ठिकाणी नाही, चारही ठिकाणी. 'रचलेली कथा' काढून 'निराधार वाटलेली कथा'. 'फसवणूक' हा शब्द तर सरळ खोडलेला. त्या दिवशी मी मनात म्हटलं होतं, वय झालं, माणूस मवाळ झाला. पण मवाळ झालेला माणूस शिव्या काढून टाकतो. आपल्या प्रत्येक वाक्यात 'मला' घालत बसत नाही. ज्याला कळलेलं असतं की वस्तू आहे, आणि आपल्याला ती दिसली नव्हती, तोच असं लिहितो.

मी फोन उचलला.

"ग्रंथपाल, मागच्या दोन-तीन महिन्यांत सरांच्या नावाने परदेशातून काही आलं होतं का?"

वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "आलं होतं. दोन महिन्यांपूर्वी. जाड पाकीट, ग्रंथालयाचा शिक्का. सरांनी सही करून घेतलं."

"आणि शुक्रवारी संस्थेतून न तपासता काय बाहेर गेलं?"

"काहीच नाही, ताई. सांगितलं ना, प्रत्येक पिशवी..."

"पिशवी नव्हे. गठ्ठे."

पलीकडे वही पुन्हा उघडली गेली.

"बांधणीचे गठ्ठे," ते हळूच म्हणाले. "त्रैमासिकाचे जुने अंक. दुपारी तीनला बाइंडर घेऊन गेला. कुठले अंक द्यायचे ते सरांनी स्वतः निवडले. म्हणाले, आज मला काही तरी काम द्या."

"किती गठ्ठे?"

"यादीत बारा आहेत."

बाइंडरचं दुकान दोन गल्ल्या सोडून. मी चालत नाही, पळतच गेले म्हणा ना. दारातूनच विचारलं, "संस्थेचे गठ्ठे किती आलेत?"

म्हातारा बाइंडर सरसाची वाटी ढवळत होता. "तेरा. यादीत बारा लिहिलेत. शिकलेली माणसं, पण मोजता येत नाही. तो बघा, तेरावा आत्ता यंत्राखालीच घेतलाय. तिन्ही बाजूंनी कापून घेतो, मग शिवतो."

कटिंग मशीनचं लांब पातं वर उचललेलं होतं. खाली, त्रैमासिकाच्या दोन अंकांच्या मधे, एक्केचाळीस नंबरची फाइल दाबून बसवलेली होती.

"थांबा!" मी ओरडले. "समास कापू नका!"

६

पाकीट सगळ्यात वर होतं. पत्र छोटंसंच होतं. ग्रंथालयातल्या कुणा अधिकाऱ्याने सरांच्या चौकशीला उत्तर दिलं होतं. पुस्तकासाठी सरांना सगळ्या पानांचे आकडे शेवटचे पडताळून हवे होते, म्हणून ही चौकशी. उत्तर असं: ते हस्तलिखित फार वर्षांपूर्वी उसवून पुन्हा बांधलं. तेव्हा सुरुवातीची सहा पानं दुसऱ्याच पोथीची निघाली, म्हणून ती काढून वेगळी ठेवली, आणि उरलेल्या पानांना नवे आकडे दिले. जुनी फिल्म त्याआधीची, छायाचित्रं त्यानंतरची. जुना आकडा असेल त्यातून सहा वजा करावेत.

चौसष्टातून सहा गेले, अठ्ठावन्न.

अठ्ठावन्नाव्या पानाच्या मागच्या बाजूचं छायाचित्र सोबत जोडलं होतं. समासात, मुंगीच्या पायांसारख्या बारीक अक्षरांत, आठ ओळी.

मी बाइंडरच्या बाकावर बसले. त्याने न विचारता पाणी आणून दिलं.

फाइलमध्ये खाली तो बावीस वर्षांपूर्वीचा लेखही होता. छापलेला, आणि त्याच्यामागे त्याचं पहिलं प्रूफ. ते मी तपासलं होतं. मला ते आठवत होतं, खोटं कशाला बोलू. त्याच हस्तलिखितातली दुसरी एक प्रसिद्ध कथा सरांनी त्या लेखात दोनदा उल्लेखली होती. एकदा जुन्या छापील आवृत्तीवरून, पान एक्कावन्न. एकदा छायाचित्रांवरून, पान पंचेचाळीस. एकच कथा, एकच पोथी, आणि आकडे दोन. मी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, '५१ की ४५?' त्या दिवशी सर स्वतः छापखान्यात आले होते. घाईत होते, संतापलेले होते. मला वाटलं, एवढा मोठा माणूस, त्यांना माहीत असणार. मी रबर घेतलं आणि प्रश्नचिन्हासकट सगळं खोडलं.

एक्कावन्नातून पंचेचाळीस गेले, सहा. हा हिशेब तिसरीतल्या पोरालाही आला असता. तो त्याच वेळी कुणी केला असता, तर एक मुलगी आज चादरी मोजत नसती. चादरी मोजण्यात वाईट काही नाही. पण तिने ते निवडलेलं नव्हतं.

७

सर घरी एकटेच होते. मी फाइल टेबलावर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बसा, बाई. पातं पडलं नाही ना?"

"नाही."

"कापतात हे माझ्या ध्यानात नव्हतं. शनिवारी आठवलं. दोन दिवस झोप नाही."

"मग बाइंडरला एक फोन नाही केलात?"

"फोनजवळ गेलो होतो," ते म्हणाले.

पुढचं मीच बोलले. पत्र आलं, पण ते फाडणं तुमच्याने होईना, कारण जन्मात तुम्ही कागद फाडला नाही. खोटं छापवेना, म्हणून 'मला' घातलंत. खरं सांगवेना, म्हणून फाइल नाहीशी केलीत, म्हणजे पडताळणीच्या नावाखाली प्रकरण आपसूक गळेल. फाइल बांधून यायला सहा आठवडे. तोवर पुस्तक निघालेलं असेल. आणि कार्ड ठेवल्याशिवाय फळीवरून काही काढायला तुमचा हात तयार होईना.

ते मान हलवत ऐकत होते. चांगल्या विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यावी तसे.

"एक राहिलं," ते म्हणाले. "शुक्रवारीच का?"

"ती आली म्हणून."

"तिने शब्दकोश ठेवला. वळली. मला वाटलं, आता उठायचं आणि हाक मारायची. उठलोसुद्धा. पण पाय गेले ते कपाटाकडे." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून घेतले. "माणूस किती घाबरट असतो बघा. एक्याऐंशी वर्षांचा झालो, आता कुणाला भ्यायचं होतं?"

"मग मला कशाला बोलावलंत, सर? दुसरं कुणीही आलं असतं, तर तुम्ही निभावून नेलं असतंत."

त्यांनी फाइल उघडली, जुनं प्रूफ काढलं, आणि खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. कोऱ्या समासात, शाई नाही, शिसं नाही, नुसता दाब होता. पाच, एक. चार, पाच. आणि एक प्रश्नचिन्ह.

"पेन्सिल खोडली तरी वळ राहतो," सर म्हणाले. "मला तो त्याच दिवशी दिसला होता. तुम्ही विचारलं असतंत, तर मला उत्तर द्यावं लागलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला बावीस वर्षं लाज वाटते आहे. म्हटलं, या वेळी तरी तुम्ही खोडणार नाही."

आम्ही दोघं त्या कागदाकडे बघत बसलो.

"रिक्षा बोलवा," शेवटी ते म्हणाले. "तिच्याकडे जाऊ."

८

वसतिगृहाला दोन जिने होते. सरांना ते चढायला पंधरा मिनिटं लागली. धाकटीने त्यांना पाहिलं आणि आधी खुर्ची पुढे केली. सवय असते ती.

सरांनी काही प्रस्तावना केली नाही. छायाचित्र तिच्यापुढे ठेवलं.

"अठ्ठावन्न, मागची बाजू. तुझा आकडा जुना होता. बरोबर होता. चूक माझी झाली."

तिने चष्मा चढवला. बराच वेळ ती वाकून बघत राहिली. बाहेर कुणीतरी बादली आपटली.

"अक्षरं ओळखीची वाटतात," ती म्हणाली. "पण वाचता येत नाहीत, सर."

मग सरच वाचू लागले. एकेक ओळ मुळातली, मग तिचा अर्थ. सातव्या ओळीला ते थांबले. "आणि ती ओल्या अंगाने चालत घरी गेली, आणि..."

"दार लावून घेतलं," धाकटी म्हणाली. "तेवढं आठवतंय."

मला वाटलं, आता माझी पाळी आहे.

"मलाही सांगायचंय," मी म्हटलं. "त्या लेखाचं प्रूफ माझ्याकडे होतं. आकड्यांचा मेळ बसत नव्हता. मी प्रश्नचिन्ह घातलं आणि मग खोडलं."

"पेन्सिलीचं होतं?"

"हो."

"मग काय, पेन्सिलीचं खोडता येतंच," ती म्हणाली. ती रागावून बोलली नव्हती, म्हणून जास्त लागलं.

सर म्हणाले, "हे सगळं मी पुस्तकात लिहिणार आहे. मॅडमशी बोलतो, पदवीचं प्रकरणही पुन्हा उघडता येईल."

"पदवी घेऊन मी काय करू? इथे बढती मिळते ती नोकरीच्या वर्षांवर." ती उठली. "लिहा तुम्ही. लिहायलाच हवं. पण मला बोलावू नका कुठे. आणि सर, पुन्हा येऊही नका. रागाने नाही सांगत. मुली ड्यूटीवरून यायची वेळ झाली, पाणी तापवायचंय."

जिना उतरताना सरांनी माझा दंड धरला होता. खाली पोचेपर्यंत ते एकदाही थांबले नाहीत.

९

पुस्तक शुक्रवारी यंत्रावर चढलं नाही. सरांनी शेवटचं प्रकरण पहिल्या वाक्यापासून नव्याने लिहिलं. दोन महिने लागले. जुने आकडे, नवे आकडे, वजा करायचे सहा, पत्राची तारीख, समितीचा निर्णय, सगळं ओळीने मांडलं. स्वतःला कुठे वाचवलं नाही. माझ्या खोडलेल्या प्रश्नचिन्हाबद्दलही एक वाक्य घालावं, असा मी आग्रह धरला. त्यांनी घातलं. मॅडमनी आपणहून एक टीप पाठवली, पोस्टाच्या त्या दहा मिनिटांबद्दल. तीही घेतली.

धाकटीचं नाव छापायचं, तर तिची संमती हवी. मी प्रुफं तिच्या पत्त्यावर पाठवली. सोबत चिठ्ठी लिहिली: 'नाव नको असल्यास खोडावे. अन्य दुरुस्ती असल्यास करावी.'

तीन आठवडे काही आलं नाही. चौथ्या आठवड्यात पाकीट आलं. चिठ्ठी नव्हती. मी एकेक पान उलटलं. नाव तिने तसंच ठेवलं होतं. कुठे काही लिहिलं नव्हतं. शेवटून दुसऱ्या पानावर मात्र एक दुरुस्ती होती, लाल शाईत, अगदी रीतसर, एकेकाळी सरांनीच शिकवलेल्या खुणेने केलेली.

सरांचं वाक्य होतं: 'हा शोध माझ्या विद्यार्थिनीचा आहे.'

तिने 'माझ्या विद्यार्थिनीचा' एवढे दोन शब्द खोडून वर 'माझा' लिहिलं होतं, मग तेही खोडून तिथे आपलं नाव घातलं होतं.

मी ते पान घेऊन सरांकडे गेले. त्यांनी भिंग लावून वाचलं. पुन्हा वाचलं. ते बराच वेळ त्या खोडलेल्या दोन शब्दांवर भिंग धरून होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "असंच छापा."